‘भूमिगत खाण येणार, हजारो नोकऱ्या येणार’ ही बातमी कशी वाचायची

खानदेशात भूमिगत खाण नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या बुडाशी बेसाल्टचा काळा पाषाण थरावर थर पसरलेला आहे. आपल्याकडे खडी फोडायच्या खदानी आहेत, पाळण्यात बसून खाली उतरायच्या खाणी नाहीत. तरी हा विषय इथल्या पोरांच्या मोबाइलवर सारखा येतो. दीपनगरच्या वीजकेंद्राचा कोळसा मालगाड्यांनी बाहेरून येतो, आणि त्याच रुळांवरून भुसावळला रात्रीची गाडी धरली की सकाळी नागपूर. तिकडे विदर्भात किंवा मध्य प्रदेशाच्या हद्दीवर नवी खाण प्रस्तावित असल्याची बातमी छापून आली, की आयटीआय झालेल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कात्रण फिरायला लागतं. पाठोपाठ अमळनेरकडून हमखास प्रश्न येतो, ‘खानमा परमनंट करतस का रे भो?’

याचं उत्तर हो किंवा नाही असं देता येत नाही. कुणाच्या हजेरीपटावर, कोणत्या वर्षी आणि हातात कोणता कागद असताना, एवढं कळल्याशिवाय उत्तरच नाही. बातमीतला रोजगाराचा आकडा नेमक्या या तीन गोष्टी गाळून छापलेला असतो.

आकड्याच्या पोटात काय असतं

आपल्याकडे विहीर खोदतात ते आठवा. सुरुंगवाले येतात, यारीवाले येतात, मलबा काढणारी टोळी शेतातच मुक्काम ठोकते. महिना-दोन महिने शेतात माणसंच माणसं. पाणी लागलं, बांधकाम झालं की सगळे पुढच्या गावाला जातात आणि विहिरीपाशी राहतो तो मोटार चालू-बंद करणारा एक जण. भूमिगत खाणीचंही असंच, फक्त काळ वर्षांत मोजायचा. कोळशापर्यंत किंवा खनिजापर्यंत पोचायला आधी उभा शाफ्ट किंवा तिरपा बोगदा खणावा लागतो. या बोगद्याला खाणीत ‘इन्क्लाइन’ म्हणतात. हे काम शाफ्ट खणण्यातच मुरलेले ठेकेदार घेतात आणि बऱ्याचदा त्यांची माणसं त्यांच्यासोबतच येतात. सोबतीला रस्ते, कार्यालयं, पंख्याची इमारत, वीज उपकेंद्र. या काळात माणसं भरपूर लागतात, पण ती नोकरी खाण सुरू झाली की संपते. बातमीतल्या आकड्यात ही माणसं धरलेली असतात की नाही, हे पहिल्यांदा पाहायचं.

मग येतो ‘प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष रोजगार’ हा जोडशब्द. प्रत्यक्ष म्हणजे खाणीच्या कामावर असलेली माणसं. अप्रत्यक्ष म्हणजे ट्रकवाला, चहाची टपरी, खोल्या भाड्याने देणारा, वर्कशॉप, किराणा. तीही कमाईच आहे, कमी लेखायचं कारण नाही. पण टपरीला भरतीची जाहिरात निघत नाही, आणि अप्रत्यक्षचा आकडा बहुतेक वेळा प्रत्यक्षला कशाने तरी गुणून काढलेला असतो.

खरा आकडा शोधायची जागा वेगळी आहे. खाणीला पर्यावरण मंजुरी घेताना २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण आघात मूल्यांकन अहवाल करावा लागतो आणि त्याचा सारांश स्थानिक भाषेत, म्हणजे महाराष्ट्रात मराठीत, द्यावा लागतो. या सारांशात मनुष्यबळाचा उल्लेख असतो: कायम किती, कंत्राटी किती, कुशल किती. जनसुनावणी राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ लावतं, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्ष असतो, आणि नोटीस निदान तीस दिवस आधी निघते. तिथे कंपनीने दिलेलं उत्तर इतिवृत्तात लिहिलं जातं. भाषणात दिलेला शब्द आणि इतिवृत्तात उतरलेला शब्द यांच्या वजनात फरक आहे. भुसावळच्या पोराने जनसुनावणीला जायची गरज नाही, कागद ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर बघता येतात. वृत्तपत्राच्या कात्रणापेक्षा ती पाच-सहा पानं वाचणं केव्हाही बरं.

आणखी एक गोष्ट. कोल इंडियाच्या एकूण कोळशात भूमिगत खाणींचा वाटा पाच टक्क्यांच्याही आत आहे. बाकी सगळा उघड्या खाणींतून निघतो. म्हणून ‘खाणीत भरती’ असं वाचलं की आधी खाण कोणती ते विचारावं. उघड्या खाणीत डंपर आणि पोकलेन चालवणारा लागतो, जमिनीखाली निराळीच माणसं लागतात.

खाली कोण काय करतं

पाळी सुरू होते ती लॅम्प रूमपासून. इथे हजेरी लागते, टोपीवर लावायचा दिवा आणि कमरेला अडकवायचा सेल्फ रेस्क्यूअर मिळतो. आग लागून विषारी वायू पसरला तर बाहेर पडेपर्यंत श्वास घेता यावा म्हणून हा डबा. कोळसा खाणीत उतरण्याआधी झडती होते, बिडी, काडीपेटी, लायटर वरच राहतं. जमिनीखालची पाळी आठ तासांची.

प्रत्यक्ष काम चालतं त्या जागेला ‘फेस’ म्हणतात. तिथे सगळ्यांच्या आधी जातो तो सरदार. हे आडनाव नाही, पद आहे: मायनिंग सरदार. एका हातात वायू मोजायचं यंत्र, दुसऱ्या हातात काठी. काठीने तो वरचं छत ठोकत जातो. खणखणीत आवाज आला तर दगड एकसंध आहे. बद्द आवाज आला तर वरचा थर सुटलेला आहे आणि त्याखाली कुणी उभं राहायचं नाही. यंत्रं कितीही आली तरी छत ठोकून बघणं सुटलेलं नाही. वायूची तपासणीही त्याचीच. हवेत मिथेन पाच ते पंधरा टक्के झाला की ठिणगीने स्फोट होतो, म्हणून नियम फार आधीच थांबवतो. मिथेन सव्वा टक्क्याच्या वर गेला की त्या भागाची वीज तोडायची आणि सुरुंग उडवायचा नाही. प्राणवायू निदान एकोणीस टक्के हवा. हे आकडे सरदाराला झोपेतून उठवून विचारले तरी आले पाहिजेत.

सरदाराने जागा ठीक म्हटली की बाकीचे आत. ड्रिलरने भोकं पाडायची, शॉटफायररने सुरुंग भरून उडवायचा, पुन्हा वायू तपासायचा, छताला रूफ बोल्ट ठोकायचे, मग एलएचडी किंवा एसडीएल नावाचं बुटकं लोडर कोळसा उचलून सरकत्या पट्ट्यावर टाकतं. नव्या खाणींत ‘कंटिन्युअस मायनर’ हे यंत्र सुरुंगाशिवायच कोळसा कातरत जातं. पाठीमागे पंप खलासी पाणी उपसत असतो, कारण खाण म्हटली की पाणी आलंच. झारखंडमधल्या चासनाला खाणीत २७ डिसेंबर १९७५ ला पाणी घुसलं आणि पावणेचारशेच्या आसपास माणसं गेली. १९८९ मध्ये पश्चिम बंगालमधल्या राणीगंजजवळच्या महावीर खाणीत पाण्याने कोंडलेल्या ६५ जणांना जमिनीवरून नवं भोक पाडून, लोखंडी कॅप्सूल सोडून एकेक करून वर काढलं. जसवंतसिंग गिल हे अभियंते स्वतः त्या कॅप्सूलमधून खाली उतरले होते. खाणीच्या प्रशिक्षणात सुरक्षेचा एवढा भरणा का असतो, त्याचं कारण या दोन घटनांत दिसतं.

आता या माणसांची यादी पुन्हा डोळ्यांसमोर आणा. सरदार आणि शॉटफायरर सोडले तर पंप, पट्टा, वायरिंग, हायड्रॉलिक होस, पंखा, लोडर सांभाळणारे सगळे फिटर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, ऑपरेटर आहेत. टोपली उचलणारा लोडर कामगार हळूहळू हद्दपार होतोय. यांत्रिक खाणीत अंगमेहनतीच्या जागा कमी, आणि केबल जळाली तर ती अंधारात, वाकून, वीस मिनिटांत जोडणाऱ्याला मान जास्त.

कागदांचा क्रम

अठरा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय खाणीत कामाला ठेवता येत नाही. प्रशिक्षणार्थी म्हणून सोळाच्या पुढे, तेही देखरेखीखाली. पहिली पायरी वैद्यकीय तपासणी: छातीचा एक्स-रे, कान, डोळे. दगडाची धूळ फुप्फुसात बसते आणि तिथून निघत नाही, म्हणून आधीची छाती कशी होती याची नोंद कामगाराच्याच फायद्याची. नंतर कधी सिलिकोसिस झाला तर तो याच कामाने झाला, हे दाखवायला हा पहिला एक्स-रे लागतो. पुढे ठरावीक वर्षांनी तपासणी होत राहते.

मग ‘व्हीटी’, म्हणजे १९६६ च्या खाण व्यावसायिक प्रशिक्षण नियमांनुसारचं प्रशिक्षण. जमिनीवरच्या कामापेक्षा जमिनीखालच्या कामासाठी ते जास्त दिवसांचं असतं. काही दिवस वर्गात, काही दिवस प्रत्यक्ष खाणीत जुन्या माणसाबरोबर. हे प्रशिक्षण द्यायची जबाबदारी खाणमालकाची आहे. कंत्राटदाराच्या माणसालाही ते चुकत नाही. म्हणून कुणी दलाल ‘आधी इतके भर, व्हीटी करून खाणीत लावून देतो’ म्हणाला तर तिथेच उठून यायचं. व्हीटी नोकरीबरोबर मिळतं, नोकरीसाठी विकत घ्यायची ती वस्तू नाही.

त्यावर चढत जायच्या पायऱ्या धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या हातात आहेत. १९०२ पासूनचं हे खातं. खाणवाले त्याला डीजीएमएस म्हणतात. प्रथमोपचार आणि वायू चाचणीची प्रमाणपत्रं, मग शॉटफायरर किंवा सरदार, त्याच्या वर ओव्हरमन, त्याच्या वर व्यवस्थापकाची दुसरी आणि पहिली श्रेणी. मँगनीजसारख्या धातूच्या खाणीत नावं बदलतात: सरदाराऐवजी मायनिंग मेट, ओव्हरमनऐवजी फोरमन. नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांत आणि शेजारच्या बालाघाटमध्ये मॉइल या सरकारी मँगनीज कंपनीच्या अशा भूमिगत खाणी आहेत, आणि त्या कंपनीचं मुख्यालयही नागपुरातच आहे.

खरी मेख इथे आहे. सरदाराच्या परीक्षेला बसायला खाणीतला अनुभव लागतो, आणि सरदाराशिवाय खाणीची पाळी सुरूच करता येत नाही. म्हणजे नवी खाण उघडते त्या पहिल्या दिवशी ही प्रमाणपत्रवाली माणसं कुठून तरी तयार आणावीच लागतात. ती येतात चंद्रपूर, छिंदवाडा, बैतूलच्या पाथाखेडा किंवा झारखंडच्या जुन्या खाणींतून. गावातली पोरं मग चिडतात, ‘आमच्या गावात खाण आणि साहेब बाहेरचे’. चीड रास्त आहे, पण यात दर वेळी डाव असतोच असं नाही. कायद्याने लागणारा अनुभव गावात एका रात्रीत तयार होत नाही. डाव आहे की नाही, ते चार-पाच वर्षांनी तपासायचं: तेव्हाही एकही स्थानिक सरदार झालेला नसेल, तर कंपनीने पोरांना परीक्षेला बसू दिलं का, असं विचारायची ती वेळ.

विहिरींवर सुरुंग उडवणाऱ्या आपल्याकडच्या लोकांना इथे एक सांगून ठेवतो. तो परवाना स्फोटकं खात्याचा. खाणीतल्या शॉटफायररचं प्रमाणपत्र डीजीएमएसचं. पहिल्यावर दुसरं काम चालत नाही. हाताला सवय आहे हा फायदा मात्र नक्की आहे.

डिप्लोमाच्या वाटेने जायचं असेल तर जळगाव-धुळ्यात राहून भागत नाही. खाणकामाचा डिप्लोमा करायला नागपूरचं शासकीय तंत्रनिकेतन गाठावं लागतं, पदवीला तिथलीच व्हीएनआयटी आहे, त्यापुढे धनबादची आयआयटी. डिप्लोमानंतर खाणीत वर्षभराचं प्रत्यक्ष प्रशिक्षण घेतलेल्या मुलाची ओव्हरमनकडे जाणारी वाट साध्या कामगारापेक्षा बरीच छोटी होते.

‘प्रस्तावित’ म्हणजे अजून किती लांब

खनिजाचा शोध, लिलाव, खाण आराखडा, पर्यावरण मंजुरी, जंगल असेल तर वन मंजुरी, जमीन, डीजीएमएसची परवानगी, मग खणाई. यातली एखादी पायरी अडली की वर्षं जातात, आणि काही खाणी कागदावरच राहतात. पोरगं मात्र बातमी वाचून बाविसाव्या वर्षी थांबतं आणि सत्ताविसाव्या वर्षीही थांबलेलंच असतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. एका प्रस्तावित खाणीच्या भरवशावर फक्त खाणीतच चालेल असा महागडा खासगी कोर्स करू नये. इलेक्ट्रिशियन, फिटर, वेल्डर, डिझेल मेकॅनिक, सर्व्हेअर यांपैकी एक हात पक्का करावा. हा हात खाणीत चालतो, दीपनगरला चालतो, भुसावळच्या रेल्वेत चालतो, वरणगावच्या आयुध निर्माणीत चालतो, जळगावच्या एमआयडीसीत पाइपाच्या कारखान्यात चालतो. खाण आली तर व्हीटी काही आठवड्यांत होतं. ट्रेड काही आठवड्यांत होत नाही. नागपूरला मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स ही कोल इंडियाची उपकंपनी आयटीआयवाल्यांना अप्रेंटिस म्हणून घेते, तिकडे अर्ज जरूर करावा. मात्र १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे अप्रेंटिसशिप संपल्यावर नोकरी द्यायची सक्ती मालकावर नाही. ‘अप्रेंटिस लागलं म्हणजे परमनंट झालं’ असा समज घराघरांत आहे आणि त्यावर लग्नंही जुळतात, म्हणून हे जरा जोरात सांगतोय.

जिथे खाणी चालू आहेत त्या जिल्ह्यांत पैशाचं एक खातं असतं आणि त्याच्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही: जिल्हा खनिज प्रतिष्ठान. २०१५ पासून खाणमालकाला रॉयल्टीवर जास्तीची रक्कम तिथे भरावी लागते, लिलावाने दिलेल्या खाणींना रॉयल्टीच्या दहा टक्के आणि त्याआधीच्या खाणपट्ट्यांना तीस टक्के. हा पैसा खाणबाधित गावांसाठी असतो आणि प्राधान्याच्या कामांत कौशल्य विकासही आहे. गावात शिवण क्लासच चालू आहेत की इलेक्ट्रिशियनची यंत्रंही आली आहेत, ते या खात्याच्या खर्चावरून कळतं.

जमीन, बाया आणि ठेका

जमीन गेली की नोकरी, हे गणित लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणात दोन एकरांमागे एका नोकरीचा हिशोब आहे. पण तो उघड्या खाणीत मोठा दिसतो, कारण तिथे शेकडो एकर खोदलं जातं. भूमिगत खाणीला वर इन्क्लाइनचं तोंड, पंखा, कार्यालय, साठवणीचं आवार एवढीच जागा प्रामुख्याने लागते. शेतं वाचतात, ही चांगलीच गोष्ट; पण जमिनीच्या बदल्यातल्या नोकऱ्याही त्याच मापाने कमी होतात.

बायकांना जमिनीखाली काम करायला १९५२ च्या खाण कायद्याने बंदी होती. चंद्राणी प्रसाद वर्मा यांना तर नव्वदच्या दशकात नागपुरात खाणकाम शिकायचा प्रवेशच कोर्टात जाऊन मिळवावा लागला. २०१९ मध्ये सरकारने सूट दिली: सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळात, तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या पदांवर. २०२१ मध्ये आकांक्षा कुमारी झारखंडमधल्या चुरी भूमिगत खाणीत अभियंता म्हणून रुजू झाल्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, खाण कायदा त्यात सामावला गेला आणि बाईची संमती असेल तर सगळ्या प्रकारची कामं तिला खुली झाली. म्हणजे आयटीआयत इलेक्ट्रिशियन करणाऱ्या मुलीलाही आता खाणीची जाहिरात वाचायला हरकत नाही.

उरला ठेका. नव्या खाणींत मालकी एकाची आणि चालवणारा दुसरा, हे सर्रास झालंय. कोल इंडियाने बंद पडलेल्या भूमिगत खाणी महसुलातल्या वाट्यावर खासगी कंपन्यांना चालवायला द्यायचं धोरण घेतलंय. कायम कामगाराचा पगार राष्ट्रीय कोळसा वेतन कराराने ठरतो. अकरावा करार २०२३ मध्ये झाला. ठेकेदाराच्या माणसाला तो लागू नाही, त्याच्यासाठी कोल इंडियात उच्चाधिकार समितीने ठरवलेले दर आहेत, ते बरेच कमी. एकाच फेसवर, एकाच छताखाली दोघं उभे असतात आणि पगारचिठ्ठ्या दोन तऱ्हेच्या. परमनंटच्या प्रश्नाचं खरं उत्तर बहुतेकदा इथेच सापडतं: नव्या भूमिगत खाणीत ऑपरेटर म्हणून लागशील, पण जास्त शक्यता ठेकेदाराकडे लागायची.

ठेकेदाराकडे लागलास तरी एक गोष्ट पहिल्या आठवड्यात कर. खाणीत काम करणाऱ्या प्रत्येकाचं नाव खाणीच्या रजिस्टरमध्ये असावं लागतं, ठेक्यावरच्याचंही. तिथे जुनी माणसं अजून ‘फॉर्म बी नंबर’ विचारतात. आपलं नाव जन्मतारखेसकट बरोबर चढलंय का, पद ‘हेल्पर’ लिहिलंय की ‘इलेक्ट्रिशियन’, हे बघून घे. भविष्यनिर्वाह निधीचा नंबर मागून घे आणि व्हीटीच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स घरी ठेव. चार वर्षांनी सरदाराचा अर्ज भरशील तेव्हा अनुभवाचा दाखला खाणीचा मॅनेजर त्या रजिस्टरवरूनच देतो, आणि तोवर ठेकेदार बदललेला असतो.